काचावरच्या टिकल्या

आमच्या सकाळच्या मोटरीत बसणाऱ्या एकूण एक माणसाची नक्कल मले येते. कंडक्टर "चलो, सरको मांगं" म्हणतानी नाकातून कसा आवाज काढते, तहसीलीतला बाबू झोपल्या झोपल्या कसा डुलते अन् बोरगाव आलं का कोणी न उठवता दचकून "आलं?" कसा म्हणते, हे मी असं करून दाखवतो का मागच्या सीटवरच्या बाया पदरात तोंड लपवतेत. फक्त लहानूजी ड्रायव्हरची नक्कल मी आता करत नाई. पह्यले करत होतो. सगळ्यात जोरात त्याचीच करत होतो.

मी पांढुर्ण्याचा. बोरगावच्या शाळेत कच्च्या नोकरीवर गुरुजी आहो. सकाळी सातची मोटर पांढुर्ण्याहून निघते, सौंसर, बोरगाव करत लोधीखेड्याले जाते. माझी जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या बाजूले इंजिनच्या झाकणावर. हिवाळ्यात त्या गरम जागेसाठी भांडणं होतेत. उन्हाळ्यात कोणीच भांडत नाई, मलेच मिळते. त्या झाकणावर बसून मी लहानूजीले दोन वर्सं पाह्यलं.

माय-बापानं लहानू नाव ठेवलं तेव्हा त्याइले पुढचा अंदाज आला नसन. माणूस एवढा मोठा का सीटवर बसला तं मोटर उजवीकडं झुके. पन्नाशीचा, केस पांढरे, मिशी मात्र काळी कुळकुळीत. मी विचारलं, "मिशीले काय लावता?" तं म्हणे, "इंजिनचा धूर."

त्याले अभिमान एकाच गोष्टीचा. डोळ्याचा. आम्हाले नाल्यावरची पुलिया दिसत नसे तवा तो पुलियापलीकडचा ट्रक वाचे. "थे पाह्य मास्तर, संत्र्याचा ट्रक येऊन राह्यला. सामनेची एक बत्ती फुटली हाय. चालवनारा नवा दिसते, मधातून येऊन राह्यला." दोन मिनिटानं ट्रक येये. बत्ती फुटलेली. चालवणारा पोरगा कोवळा.

"डोया अन् पाय," तो म्हणे, "ड्रायव्हरचं एवढंच शरीर असते मास्तर. बाकीचं नुसतं वज्जन हाय." अन् पोटावर हात फिरवे.

सकाळी कंडक्टरच्या आधी तो स्टँडवर हजर. वल्ला पेपर अन् चुलीतली राखड घेऊन समोरचा काच घासे. कंडक्टर मोटरीतल्या देवाइच्या फोटोले उदबत्ती लावे. लहानूजी पौर्णिमेले वस्तीतल्या विहारात जाणारा माणूस, तो बाजूले उभा राहून उदबत्ती संपायची वाट पाहे. मंग काचावर बसलेला धूर पुन्हा पुसे. "तुह्या देवाले काई म्हनत नाई बे मी," कंडक्टरले म्हणे, "पन त्याचा धूर माह्याच काचावर काहून बसते?"

आता गिट्टीचं सांगतो.

सौंसर ते बोरगाव रस्ता पक्का करायचा म्हणून जुना डांबर खोदला. त्यावर गिट्टी, म्हणजे फोडलेल्या दगडाची खडी, टाकली. ह्या काठापासून त्या काठापर्यंत, बोट-बोट जाड. मंग रोलर येणार होता, तो दाबणार होता, वरून डांबर पडणार होता. रोलर आला, अर्धा दिवस चालला अन् बंद पडला. पावसाळ्याच्या आधीची ही गोष्ट. पोळा गेला, दसरा गेला, गिट्टी तशीच. ट्रक आला का त्याच्या मागच्या जोडचाकात गोटा फसे अन् गोफणीतून सुटावा तसा सुटे. एका सायकलवाल्याचा गुडघा गेला. शाळेच्या भिंतीले खड्डे पडले. अन् मोटरीचे काच तं विचारूच नका. त्या रस्त्यावरची अशी एक गाडी नव्हती का जिचा काच शाबूत असन. एक सोडून. आमची.

कारण लहानूजीचा हात.

समोरून ट्रक आला का लहानूजी मोटर काठाले घेई, चाल एकदम हळू करे, उजव्या हातात स्टेअरिंग, अन् डावा पंजा पूर्ण उघडून काचावर ठेवे. ट्रक जाईपर्यंत. गेला का हात खाली. त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं म्हणे. मी एक दिवस छेडलंच.

"लहानूजी, हात लावला का काच वाचते, हे कोणत्या पुस्तकात लिवलं हाय?"

"पुस्तक चालवते का मोटर?"

"पन हातानं दगडाले काय फरक पडन?"

"दगडाले नाई पडत बे. काचाले पडते. काच घाबरते मास्तर. वासरू कसं असते? सामनून काई धावत आलं का बिचकते. आपन पाठीवर हात ठेवला, का मंग उभं राह्यते. काच दगडानं नाई फुटत, भेवानं फुटते."

मी आठवीच्या पोराइले विज्ञान शिकवतो. पण चार महिन्यापासून आमचाच काच शाबूत होता, आता काय शिकवू?

हळूहळू समोरच्या सीटवरचे लोकही हात लावू लागले. ट्रक दिसला का कंडक्टर वरडे, "हात!" अन् तहसीलीतला बाबू, दोन दूधवाले, मी, सगळे उठून काचाले पंजे लावत. ट्रकवाल्याले वाटत असन का हे लोक आतूनच मोटर ढकलून राह्यले. ही नक्कल मी शाळेत मास्तराइले करून दाखवे. हेडमास्तर खुर्चीवरून पडता पडता राह्यले.

मंग एक दिवस काच फुटला. कुठं? गिट्टीवर नाई. सौंसरच्या स्टँडवर, मोटर उभी होती तवा. लहानूजी टपरीवर बशीत चाय ओतून पीत होता. समोरून एक ट्रक गेला, त्याच्या चाकात कुठूनतरी आणलेला गोटा होता, तो तिथंच सुटला. मोटरीचा असली काच होता तो, फुटला तं ज्वारीच्या दाण्यासारखा सगळा भुगा झाला अन् सीटवर सांडला. कोणाले खरचटलंही नाई.

लहानूजीनं बशी खाली ठेवली. मोटरीजवळ आला. मी म्हनलं, आता हा मानन. तो माझ्याकडं वळला अन् हळूच म्हणे, "पाह्यलं मास्तर? हात नोता ना माहा."

त्यानंतर त्या बाबतीत त्याच्याशी बोलणं संपलं. देव जरी उतरला असता तरी त्याचं ऐकलं नसतं. तेव्हापासून चायही तो सीटवर बसूनच पिये, डावा हात मोकळा ठेवून.

मोटरमालक, आमचा सेठ, तसा वाईट माणूस नाई. त्याच्या तोंडात एकच शब्द होता, परवा. "असली काच नागपूरवरून बोलावला, परवा येते." अन् परवापर्यंत मोटर उभी कशी ठेवायची म्हणून त्यानं कपाटं बनवणाऱ्या दुकानातून साधा काच कापून आणला अन् लाकडी पट्टीत ठोकून बसवला. लहानूजीनं त्याच्यावर नखानं टिचकी मारली.

"सेठ, हे खिडकीचं हाय."

"अरे परवापर्यंत चालव ना लहानू."

"हे फुटलं का दाने नाई होत सेठ. सुऱ्या होतेत. सामने माहे डोये असतेत."

"म्हनून तं सांगतो, परवा येते."

लहानूजीनं नाई म्हनाले पायजे होतं. मीही म्हनलं, "आठ दिवस नका चालवू." तो म्हणे, "मी नाई बसलो तं सेठ कोन्या पोट्ट्याले बसवन. त्याले गिट्टीवर चालवता येते का? तुमी सगळे मांगं बसता ना रे."

तिसऱ्या दिवशी त्या काचाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात गोटा लागला. काच फुटला नाई, चांदणी पडली. अन् चांदणीतून एक तडा निघाला. बारीक, केसासारखा. रोज थोडा थोडा लहानूजीच्या सीटकडं सरके.

आमच्या मोटरीत कौसाबाई येये, बांगड्या अन् टिकल्या विकणारी. लोधीखेड्याच्या बाजारात बसे. लहानूजी तिले म्हणे, "कौसाबाई, एक टिकली दे वो."

"काहून? मिशीवर लावता का?"

"काचाले लावतो."

जिथं तडा संपला तिथं त्यानं लाल टिकली चिकटवली. दुसऱ्या दिवशी तडा टिकलीच्या दोन बोटं पुढं. "कौसाबाई, आनखी एक." असं करता करता काचावर टिकल्याइची रांग झाली. लाल, मंग मरून, मंग हिरवी, कारण लाल संपल्या. मोटरीत चढणारा माणूस पह्यले टिकल्या पाहे, मंग जागा पाहे. "किती झाल्या?" "नऊ." "काल आठच होत्या ना वो?" लोकाइले जसं कोणाच्या घरच्या आजाऱ्याची खबर घ्यावी तसं झालं होतं. कौसाबाई म्हणे, "एवढ्या टिकल्या तं नवरीले नाई लागत." सगळे हसत. लहानूजीही हसे. पण आता तो हात टिकलीवर ठेवे, शेवटच्या. अन् ती टिकली जशी जशी त्याच्याजवळ येये, तसा तो सीटवरून पुढं वाकून, काचाले तोंड लावून, हातानं तडा दाबून धरे.

मी त्याले माझा काळा चष्मा देऊन पाह्यला. "लावा, डोळे वाचतीन." त्यानं लावला, काचाकडं पाह्यलं, काढून दिला. "ह्याच्यातून तडा दिसत नाई."

मंग आम्ही रस्तेवाल्या हापिसाले अर्ज केला, गिट्टी दाबा म्हणून. म्हणजे मी लिहिला, शुद्ध हिंदीत, अन् खाली मोटरीतल्या सगळ्याइच्या सह्या. लहानूजीनं सही कराले एवढा वेळ घेतला का तेवढ्यात मोटर बोरगावले पोचली असती. धुतलेला सदरा घालून तो माझ्यासंग सौंसरच्या हापिसात आला. साहेबानं खुर्ची दाखवली. तो बसला नाई. साहेबानं अर्ज वाचला अन् बोलला, "गिट्टी तो हमने डाल दी है न?"

"डाली साहेब. बहुत डाली."

"तो हमारा काम पूरा है. दबाने का काम रोलर का है. रोलर पांढुर्ना में खड़ा है, उसका एक पुर्जा आना है."

मी म्हनलं, "कब आयेगा साहेब?"

आता मले सांगा, तो काय बोलला असन? "परसों."

लहानूजीनं माझ्याकडं पाह्यलं. सेठचा परवा अन् साहेबाचा परसों एकाच घरचे दिसत होते. आम्ही निघालो तं साहेबानं आवाज दिला, "ड्रायवर साहब! इतवार को लोधीखेड़ा जाना है, सामने की सीट रखना." मंग थोडा थांबून, "पर काँच के पास वाली नहीं."

ही नक्कल मी मोटरीत केली तं लोकाइनं सीटा बडवल्या. त्या दिवशी टिकल्या तेरा होत्या.

दिवाळीच्या नंतरची सकाळ. थंडी पडली होती, ऊन चांगलं होतं. सौंसर सोडून तीन-चार किलोमीटर झाले असतीन. समोरून ट्रक आला. लहानूजीनं नेहमीसारखी मोटर काठाले घेतली. घेतली काय, पूर्ण उभीच केली. ट्रकवालाही भला माणूस, त्यानंही चाल हळू केली, जातानी हात वर केला. लहानूजी पुढं वाकला, पंजा तड्यावर ठेवला. कंडक्टर "हात!" म्हणून वरडला, पण आम्ही हात लावले नाई, कारण त्या काचाले हात लावाची कोणाची हिंमत नव्हती. ट्रक गेला. त्याचं मागचं चाक आमच्या नाकासमोरून गेलं अन् एकच गोटा सुटला. सुपारीएवढा.

आवाज मोठा नव्हता. ताट पडल्यासारखा.

काच आत आला. मी तोंड दोन्ही हातानं झाकलं. उघडलं तं समोर रस्ता एकदम मोकळा, थंडी आत. लहानूजीनं चावी फिरवून इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, मंग म्हणे, "कोनाले लागलं का पाहा."

कोणालेच नव्हतं लागलं. मी त्याच्याकडं पाह्यलं. डाव्या हातातून रक्त गळून राह्यलं होतं, ते काई नाई. पण डावा डोळा त्यानं दोन बोटानं उघडा धरला होता, चोळत नव्हता, मिटत नव्हता. गालावरून पाण्यासंग लाल वाहत होतं.

तो मांगं टेकून बसला असता तं काचाच्या सुऱ्या पोटावर पडल्या असत्या. तो काचाले धीर देत होता. हे मी त्याले कधी बोललो नाई, अन् बोलणारही नाई.

"दवाखान्यात न्या! न्या ना कोणी!" कौसाबाई वरडत होती. पण नेणार कोण? मोटरीत पस्तीस माणसं. बाबू, दूधवाले, गुरुजी, कंडक्टर. मोटर चांगली, डिझेल भरलेलं, इंजिन गरम. अन् मोटर चालवणं येत होतं एकालेच. रस्त्यावर दोन्हीकडं पाह्यलं. कोणी नाई. सायकलसुद्धा नाई. आम्ही पस्तीस जण एकमेकाचे तोंडं पाहून राह्यलो.

पाच मिनिटं थांबलो. मंग लहानूजी म्हणे, "मास्तर, झाकनावर बस. डावीकडलं सांगत जाय."

त्यानं तिथंच मोटर फिरवली. कौसाबाईनं पदर फाडून त्याच्या हाताले बांधला. डोळा तो बांधू देईना, म्हणे आत हाय काहीतरी, दाबलं का रुतते. काच नसलेल्या मोटरीत वारा थेट तोंडावर. तो उजव्या डोळ्यानं समोर पाहे अन् मी डावीकडलं सांगू लागलो.

"काठ दोन हात हाय."

"हं."

"म्हैस हाय. बसली हाय."

"हं."

"पुलिया. कठडा जवळ हाय, थोडं उजवीकडं. आनखी. बस."

मले आयुष्यात पह्यल्यांदा माझ्या स्वतःच्या आवाजात एवढं बोलावं लागलं. मधात एक बैलगाडी आडवी आली, मी सांगायच्या आधीच त्यानं ब्रेक मारला. "हे दिसलं मले," म्हणे. तेवढ्यातही त्याले सांगावं वाटलं.

सौंसरच्या डॉक्टरनं पाह्यलं अन् नागपूरले पाठवलं. नागपूरवाल्याइनं कण काढला. नजर नाई वापस आणता आली.

तो घरी आला तं मी भेटाले गेलो. डोळ्यावर पट्टी. त्याची बायको दारात तांदूळ निवडून राह्यली होती, मले पाहून उठून आत गेली. लहानूजी म्हणे, "लायसन बदलाची तारीख येऊन राह्यली. डॉक्टरचा कागद लागते."

मी ठोकून दिलं, "त्यात काय! भिंतीवरचा तक्ता असते, अक्षरं ठरलेले. मी जाऊन लिहून आणतो. तुम्ही पाठ करा. उजवा डोळा झाकला का बिनझाकला, पोपटासारखं बोलायचं."

अन् खरंच मी तक्ता लिहून आणला. तीन दिवस त्याच्याकडून पाठ करून घेतला. मी डॉक्टर बनून जाये, घोगऱ्या आवाजात, "दूसरी आँख बंद करो! चौथी लाइन पढ़ो!" तो खुर्चीवर सरळ बसून म्हणे. एकही चूक नाई. त्याची बायको आतून ऐकत होती, तिले हसू आलं, मी ऐकलं. मले वाटलं, जमलं आपलं.

लायसनसाठी छिंदवाड्याले जायच्या सकाळी मी स्टँडवर गेलो तं तो नाई. घरी गेलो. अंगणात खाटेवर बसला होता, सदरा धुतलेला, जोडे घातलेले, उठला मात्र नाई.

"चला ना लहानूजी, गाडी निघते."

"पाठ हाय मले सगळं," तो म्हणे. अन् वरपासून खालपर्यंत तक्ता म्हणून दाखवला. मंग म्हणे, "डॉक्टरले म्हनून दाखवीन. ट्रक आला तं त्याले काय म्हनून दाखवू?"

मी म्हनलं, "हळू चालवा. तुमी तं तसेही हळूच चालवता."

"काल मी घागर भरून ठेवाले गेलो, ओट्यावर ठेवली. ओटा तिथं नोताच, वीतभर इकडं होता. फुटली." त्यानं जोडे काढले. "अन् मोटरीत तं तुमी बसता ना रे."

किल्ली त्यानं माझ्याच हातानं सेठकडं पाठवली. सेठनं किल्ली घेतली, थोडा वेळ तशीच धरून ठेवली, अन् म्हणे, "असली काच आला बरं. कालच आला."

रोलरही आला मंग. पुर्जा बसला असन. सौंसर ते बोरगाव रस्ता आता असा आहे का चायची बशी इंजिनच्या झाकणावर ठेवली तरी सांडत नाई. मोटर नवा ड्रायव्हर चालवते, जवान आहे, जोरात चालवते, लोक खूश आहेत.

लहानूजी पुन्हा दिसला ह्या उन्हाळ्यात. बोरगावच्या पुढं लोधीखेड्यापर्यंत आता तेच काम निघालं, तशीच गिट्टी. मी लोधीखेड्याले लग्नाले जाऊन राह्यलो होतो, डाव्या खिडकीशी बसलो होतो. ठेकेदारानं रस्त्याच्या काठाले एक माणूस उभा केला होता, काठीले लाल फडकं बांधून, गाड्या हळू कराले. एवढा मोठा माणूस, दुरूनच ओळखला. आमच्याकडं तोंड करून फडकं हलवत होता, जोरजोरात, खाली, खाली.

मी ड्रायव्हरले म्हनलं, "भाऊ, हळू घे." तो म्हणे, "अशानं कवा पोचू गुरुजी?" अन् घेतली नाई.

मोटर त्याच्या अगदी जवळून गेली. मी खिडकीतून हात बाहेर काढला, "लहानूजी!" म्हणून आवाज दिला, हातभराच्या अंतरावरून. मी त्याच्या डाव्या अंगाले होतो. त्यानं मान वळवली नाई. आमच्या चाकातून गोटे उडाले, तो एक पाय मागं सरकून नालीच्या काठावर उभा राह्यला, तोल सावरला.

मी वळून मागच्या काचातून पाह्यलं. धुळीत तो पुन्हा रस्त्यावर आला होता अन् आमच्या मागून येणाऱ्या ट्रकले फडकं दाखवत होता.